स्विच-केस: ८ दाबलं की प्रोग्राम गप्प का बसतो?

जेटीवरून

नमस्कार मंडळी. डिप्लोमा कॉम्प्युटर, पहिलं वर्ष, मालवण. ‘प्रोग्रामिंग इन सी’च्या प्रॅक्टिकलला स्विच-केसवर स्वतःच्या मनाने एक प्रोग्राम लिहून आणायला सांगितलाय. वर्गातले निम्मे जण कॅल्क्युलेटर करतायत, म्हणून मी भरतीची वेळ घेतली. तिथी टाकायची, पूर्ण भरती किती वाजता ते छापून येतं. आजोबा रापणीला जायचे, त्यांचा आडाखा असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला ३, अष्टमीला ६.

मोबाईलवरून टाकतोय, त्यामुळे कीवर्डसुद्धा देवनागरीत लिहिलेत. मूळ प्रोग्राम अर्थात इंग्रजी अक्षरांत आहे. स्पेस वगैरे आहेत तशाच ठेवल्यात.

    स्विच (तिथी)
    {
        केस १: प्रिंटएफ("१२.४५");
        केस २: प्रिंटएफ("१.३०");
        केस ३: प्रिंटएफ("२.१५");
        ...
        केस ७: प्रिंटएफ("५.१५");
        केस८: प्रिंटएफ("६.००");
        केस ९: प्रिंटएफ("६.४५");
        ...
        केस १५: प्रिंटएफ("११.१५");
        डिफुआल्ट: प्रिंटएफ("चुकीची तिथी");
    }

भानगड अशी. ३ दाबलं की ३ पासून १५ पर्यंतच्या सगळ्या वेळा येतात, वर ‘चुकीची तिथी’ पण येतं. ८ दाबलं तर काहीच येत नाही. २० दाबलं तरी काहीच नाही. एरर एकही नाही. आणि गंमत म्हणजे ३ दाबल्यावर जी रांग येते तिच्यात आठव्या तिथीची ६.०० ची ओळ दिसते! मग थेट ८ दाबल्यावर तिला काय होतं?

सोलकढी_०

ब्रेक कुठायत रे?

टर्बोमामा

प्रत्येक केसच्या शेवटी ब्रेक हवाच, बाळा. नसेल तर खालच्या केसेस चालत जातात. पुस्तकात पहिल्याच पानावर असतं.

चिपळूणकरीण

मामा म्हणतात ते बरोबर, पण ‘हवाच’ एवढ्यावर सोडू नका. का हवा ते कळलं नाही तर पुढच्या प्रॅक्टिकलला पुन्हा तेच होतं. मी हा विषय शिकवते, दरवर्षी बघते.

स्विच काय करतो? कंसातली किंमत एकदा काढतो, ती किंमत असलेली केस शोधतो आणि तिथे उडी मारतो. त्याचं काम तिथे संपलं. पुढे प्रोग्राम ओळीमागून ओळ चालत राहतो, आणि वाटेत आलेल्या इतर केसेसकडे ढुंकूनही बघत नाही. केस म्हणजे एसटीत चढायचा थांबा. उतरायचं असेल तर घंटी तुम्ही मारायची, ती घंटी म्हणजे ब्रेक. मुलांचा गोंधळ असा होतो की केसला ती इफसारखी समजतात, म्हणजे ‘जर ३ असेल तर एवढंच कर’. तसं ते नाही.

शेवटच्या केसनंतर ब्रेक नसला तरी आज काही बिघडत नाही. तरी लिहावा. उद्या खाली आणखी एक केस चिकटवली की वरचा ब्रेक राहून जातो.

जेटीवरून

धन्यवाद ताई. सगळीकडे ब्रेक घातले. ३ ला आता फक्त २.१५ येतं. पण ८ आणि २० अजून गप्पच.

सोलकढी_०

आकडा वाचून घेणाऱ्या स्कॅनएफमध्ये अँपरसँड (&) विसरलास काय?

जेटीवरून

नाही, आहे. स्विचच्या आधी तिथी छापून बघितली, ८ च येतंय.

टर्बोमामा

मग प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारा कंपायलरच गंडलेला. मोबाईलवरचे असले ॲप वापरू नये. टर्बो सी टाक, डॉसबॉक्समध्ये मस्त चालतो.

अर्धविराम

कंपायलर अगदी शुद्धीवर आहे. जेटीवरून, तू स्पेस आहेत तशाच ठेवल्यास म्हणून बरं झालं, नाहीतर आम्ही इथे आठवडाभर अंदाज बांधत बसलो असतो.

आठव्या ओळीत ‘केस’ आणि ‘८’ यांच्या मध्ये जागा नाहीये.

कंपायलर वाचताना जमेल तेवढा लांब शब्द एका घासात उचलतो. ‘केस’ नंतर लगेच ‘८’ आला, मध्ये स्पेस नाही, म्हणून त्याला ‘केस८’ हा एकच शब्द दिसला. हा कीवर्ड नाही. अक्षरं आणि मागे आकडा, म्हणजे कुठल्याही व्हेरिएबलला देता येईल असं साधं नाव. आणि नावापुढे अपूर्णविराम आला की सीमध्ये ते लेबल होतं, गोटूने उडी मारायला ठेवतात तसलं. लेबल लिहिणं गुन्हा नाही, ते कुणी वापरलं नाही तरीही गुन्हा नाही. म्हणून एरर नाही.

थोडक्यात तुझ्या स्विचमध्ये ८ नावाची केसच नाही. ब्रेक नव्हते तेव्हा वरून येणारा प्रवाह त्या लेबलवरून खाली गेला, म्हणून ६.०० छापलं गेलं. थेट ८ दिलंस तर उडी मारायला जागाच नाही.

जागाच नाही तर डिफॉल्टला, म्हणजे काहीच जुळलं नाही तर चालणाऱ्या भागाला, जायला हवं होतं, बरोबर? तिथेही तेच झालंय. स्पेलिंग बघ, ‘ए’ आणि ‘यू’ यांची अदलाबदल झालीय. म्हणजे तेही कीवर्ड राहिलं नाही, आणखी एक बेवारस लेबल झालं. एकही केस जुळली नाही आणि डिफॉल्ट नाही, अशा वेळी स्विच अख्खा ब्लॉक ओलांडून गुपचूप पुढे जातो. हा नियमच आहे.

जेटीवरून

बाप रे. दोन्ही सुधारलं, चालतंय! ८ ला ६.०० आणि २० ला चुकीची तिथी. पण दादा, असलं डोळ्याला दिसणार तरी कसं?

अर्धविराम

डोळ्याने शोधूच नये. जीसीसी हा कंपायलर असेल तर कंपाइल करताना ‘-डब्ल्यूऑल’ लाव, डब्ल्यू कॅपिटल. तो लगेच सांगतो की ‘केस८’ हे लेबल आहे पण वापरलेलं नाही. दोन्ही चुका तिथल्या तिथे सापडल्या असत्या. जोडीला ‘-डब्ल्यूएक्स्ट्रा’ लावलंस तर ब्रेक विसरल्याचाही इशारा मिळतो. ही सोय जीसीसी ७ पासून, म्हणजे २०१७ पासून आहे. मोबाईलच्या ॲपमध्येही बहुधा सेटिंगमध्ये कंपायलरचे पर्याय लिहायला एक रकाना असतो, तिथे टाक.

मुद्दाम ब्रेक गाळायचा असेल तर तिथे ‘फॉल थ्रू’ अशी कॉमेंट लिही, जीसीसी ती ओळखतो आणि ओरडत नाही. सी२३ या नव्या मानकात तर त्यासाठी दुहेरी चौकटी कंसातलं अधिकृत चिन्हच आलंय. तुझ्या परीक्षेला त्याचा उपयोग शून्य.

टर्बोमामा

एक सुचवतो. केसचे आकडे ०१, ०२, ०३ असे दोन अंकी लिही. सगळं एका रेषेत येतं, वाचायला छान.

सोलकढी_०

मामा, पोराला बुडवताय का? ०७ पर्यंत छान दिसेल, ०८ ला कंपायलर उलटेल.

अर्धविराम

सोलकढी बरोबर आहे. सीमध्ये आकड्याच्या पुढे शून्य लावलं की तो आकडा ऑक्टल, म्हणजे आठच्या पायावरचा होतो. त्या पद्धतीत ८ आणि ९ हे अंकच नाहीत, म्हणून ०८ आणि ०९ ला एरर. ती एरर आली तर उलट सुदैव म्हणायचं. खरा धोका ०१० चा. ते मुकाट्याने चालतं आणि त्याची किंमत ८ असते. महिन्यांचे प्रोग्राम लिहिताना या खड्ड्यात बरेच जण पडतात.

चिपळूणकरीण

आता प्रोग्राम चालतोय, तर मला जे पहिल्यापासून खुपतंय ते विचारते. या पंधरा केसेस हव्यात कशाला?

तिथीची पाऊणपट हा हिशेब आहे. हिशेब कॉम्प्युटर करतो. तू तो वहीत करून पंधरा उत्तरं हाताने भरलीस. जिथे एका आकड्यातून दुसरा आकडा सूत्राने निघतो तिथे स्विच घालू नये. स्विच तिथे घालावा जिथे आकड्याचा आणि कामाचा संबंध कुठल्याही सूत्राने जोडता येत नाही. मेनूत १ म्हणजे भरती आणि २ म्हणजे ओहोटी, हे आपण ठरवलं म्हणून. तिथे स्विच शोभतो.

फक्त ‘तिथी * ३ / ४’ असं लिहू नकोस. पूर्णांकांचा भागाकार अपूर्णांक टाकून देतो, म्हणजे पंचमीला ३.४५ च्या जागी नुसते ३ मिळतील. सगळं मिनिटांत मोज, शेवटी ६० ने भाग. भागाकार तास, बाकी मिनिटं.

नाखवा

झिला, आजोबांचो आडाखो खरो आसा, पण तो वाळूत उभ्या ऱ्हवान बोटांवर मोजूचो. तुझ्या प्रोग्रामात पुनवेक सव्वाअकरा आणि दुसऱ्या दिसाक प्रतिपदेक पावणेएक. एका दिसात दीड तासाची उडी? दर्या अशी उडी मारना नाय.

पुढचं प्रमाण मराठीत लिहितो, नाहीतर चिपळूणवाल्यांना कळायचं नाही. भरती रोज साधारण ४८ ते ५० मिनिटं उशिरा येते. पाऊण तास म्हणजे ४५. रोजची ही तीन मिनिटं पंधरा दिवसांत पाऊण तासापर्यंत साचतात, ती शेवटच्या दिवशी एकदम बाहेर पडतात. जुनी माणसं डोळ्यांनी समुद्र बघायची, त्यामुळे त्यांचं काही अडत नसे. मशीनला ४८ दे.

दुसरं. पंचांगात पौर्णिमा १५ आणि अमावास्या ३० लिहितात. तुझ्या प्रोग्रामला ३० दिलं तर तो ‘चुकीची तिथी’ म्हणतो. अमावास्येला चुकीची तिथी म्हणणारा प्रोग्राम मालवणात कोण वापरणार?

अर्धविराम

वा काका! आणि ४८ घेतलं की ३० चा प्रश्न आपोआप सुटतो, बघा. १५ गुणिले ४८ म्हणजे ७२०, बरोबर बारा तास. ३० गुणिले ४८ म्हणजे १४४०, चोवीस तास. ७२० ने भागून बाकी घेतली तर दोन्हीकडे शून्य.

    मिनिटं = (तिथी * ४८) % ७२०;
    तास = मिनिटं / ६०;
    मिनिटं = मिनिटं % ६०;
    इफ (तास == ०) तास = १२;

प्रतिपदेला १२.४८, चतुर्थीला ३.१२, अष्टमीला ६.२४, दशमीला ८.००. पंधरा केसेस गेल्या, चार ओळी आल्या. मिनिटं छापताना ‘%०२डी’ वापर, नाहीतर दशमीला ‘८.०’ असं दिसेल. आणि हो, इथल्या पुढच्या शून्याचा ऑक्टलशी संबंध नाही, ते छपाईच्या रुंदीचं आहे.

जेटीवरून

चाललं. आजोबांना दाखवलं तर म्हणाले, ह्या माका पयल्यापासून ठावक होता. पण आता माझी पंचाईत झाली. प्रॅक्टिकल स्विच-केसचं आहे आणि प्रोग्राममध्ये स्विच उरलाच नाही!

नाखवा

उधाण नी भांग घाल की. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांगाची, चढ-उतार कमी. होडीवाला वेळेच्या आधी हेच विचारतो.

जेटीवरून

केलं, पण ‘डुप्लिकेट केस व्हॅल्यू’ अशी एरर येतेय. दोन्हीकडे आकडे तर वेगळे आहेत.

    केस १ || २ || १५ || ३०: प्रिंटएफ("उधाण"); ब्रेक;
    केस ८ || ९: प्रिंटएफ("भांग"); ब्रेक;

चिपळूणकरीण

मराठीत आपण ‘१ किंवा २’ म्हणतो, सीला ते तसं कळत नाही. दोन उभ्या रेघांचं उत्तर फक्त खरं किंवा खोटं, म्हणजे १ किंवा ०. ‘१ || २ || १५ || ३०’ याची किंमत १. ‘८ || ९’ याचीही किंमत १. म्हणजे तू ‘केस १’ दोनदा लिहिलंस, आणि एकाच स्विचमध्ये एकच किंमत दोनदा चालत नाही. दुसरी ओळ नसती तर एरर आलीच नसती आणि फक्त प्रतिपदेला उधाण आलं असतं. स्वल्पविराम टाकून ‘केस १, २’ असंही चालत नाही.

केसेस एकाखाली एक लावायच्या. मघाशी ब्रेक नसल्यामुळे जे घडत होतं तेच इथे कामाला लावायचं:

    केस १५:
    केस ३०:
    केस १:
    केस २:
        प्रिंटएफ("उधाण");
        ब्रेक;
    केस ८:
    केस ९:
        प्रिंटएफ("भांग");
        ब्रेक;
    डिफॉल्ट:
        प्रिंटएफ("मधली भरती");

केसेसचा क्रम कसाही चालतो, चढता असायची गरज नाही. अशा नुसत्या रिकाम्या केसेस रचल्या तर कंपायलरही ब्रेकबद्दल कुरकुर करत नाही.

पण एक बघ, डिफॉल्टला आता नवं काम मिळालंय. आधी तो चुकीची तिथी पकडत होता, आता २० टाकलं तरी ‘मधली भरती’ सांगेल. म्हणून तिथी बरोबर आहे का हे स्विचच्या आधीच इफने तपास: १ ते १५ मध्ये आहे किंवा ३० आहे. असं सलग अंतर तपासायला इफच बरा, केसमध्ये ‘तिथी > १५’ लिहिता येत नाही. केसपुढे पूर्णांक स्थिरांकच हवा, तोही कंपाइल करतानाच माहीत असलेला.

सोलकढी_०

जीसीसीत ‘केस ८ ... १०’ असं तीन टिंबांनी अंतर देता येतं की.

अर्धविराम

येतं, पण ती जीसीसीने स्वतः जोडलेली सोय आहे. क्लँग हा दुसरा कंपायलरही मानतो, टर्बो सी मानणार नाही. लिहायचंच तर टिंबांच्या दोन्ही बाजूंना स्पेस सोड, नाहीतर ‘८.’ ला तो दशांश समजतो. परीक्षेत नको.

नाखवा

मासेमारी बंदीचाही एक पर्याय दे. महिना विचार, ६ आणि ७ ला ‘बंद’. केंद्राच्या आदेशानुसार पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस.

अर्धविराम

हे उदाहरण फार छान आहे, पण तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा वेगळ्या कारणासाठी. आपली बंदी महिन्याच्या पहिल्या तारखेला सुरू होते आणि शेवटच्या तारखेला संपते, म्हणून ‘केस ६: केस ७:’ एवढ्यात काम होतं. पूर्व किनाऱ्यावर तेच ६१ दिवस १५ एप्रिल ते १४ जून असे आहेत. तिथे महिन्यावरचा स्विच तोकडा पडतो. एप्रिल आणि जूनच्या केसमध्ये तारखेसाठी इफ घालावा लागतो, फक्त मे निर्धास्त. म्हणजे तोच प्रश्न, तेवढेच दिवस, पण एका किनाऱ्यावर स्विच सुबक बसतो आणि दुसऱ्यावर नाही. तोंडी परीक्षेत ‘स्विच कधी वापराल’ विचारलं तर हेच सांग, बाहेरून आलेले परीक्षक खूश होतील.

जेटीवरून

मस्त! आता मेनू केला: १ भरतीची वेळ, २ उधाण की भांग, ३ बंदी, ४ बाहेर. डू-व्हाइल लूपमध्ये घातलाय, अट नुसती १, म्हणजे कायम खरी. पण ४ ला ब्रेक लिहूनही प्रोग्राम बाहेर पडत नाही, परत मेनू येतो.

टर्बोमामा

एक्झिट (०) लिही, संपला विषय.

अर्धविराम

चालेल, पण कारण समजून घे. ब्रेक सर्वात आतल्या स्विचमधून किंवा लूपमधून बाहेर काढतो. तुझा ब्रेक स्विचच्या आत आहे, त्याने स्विच संपवला. लूप जसाच्या तसा. सर्वात सोपं म्हणजे लूपची अट ‘व्हाइल (पर्याय != ४)’ अशी कर, मग ४ च्या केसमध्ये ब्रेकशिवाय काहीच लागत नाही. कंटिन्यूचं मात्र उलट आहे, स्विचला तो ओळखतच नाही, थेट लूपला जाऊन भिडतो.

आणि इफमधून बाहेर पडायला ब्रेक कधीच नसतो. १५ जानेवारी १९९० ला अमेरिकेत एटी अँड टीचं लांब पल्ल्याचं टेलिफोन जाळं सुमारे नऊ तास लंगडलं होतं. एक एक्स्चेंज बंद पडून पुन्हा सुरू झालं, त्याचा निरोप शेजारच्याला गेला की शेजारचं बंद पडायचं, असं ११४ एक्स्चेंजांमध्ये फिरत राहिलं. मूळ शोधलं तर सीमधला एक ब्रेक. स्विचच्या आत इफ, आणि इफच्या आत ब्रेक. लिहिणाऱ्याला वाटलं तो इफपुरता आहे, तो अख्ख्या स्विचमधून बाहेर पडला आणि पुढचं आवश्यक काम वगळलं गेलं. ती माणसं कच्ची नव्हती, सी जन्मली त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत, बेल लॅब्जमध्ये.

सोलकढी_०

स्विचचा इतिहास निघालाच आहे तर टॉम डफ यांची १९८३ ची करामतही सांगा, स्विचच्या केसेस डू-व्हाइलच्या पोटात.

चिपळूणकरीण

नको! पहिल्या वर्षाच्या मुलाला ते दाखवू नका, तो उद्या जर्नलमध्ये लिहून आणेल आणि मला तपासावं लागेल.

जेटीवरून

🙂 ताई, अट बदलली, ४ ला बाहेर पडतंय. पण मित्राने मुद्दाम पर्यायाच्या जागी ‘अ’ टाईप केला तर मेनू वेड्यासारखा स्क्रीनवर धावायला लागला, थांबेचना.

चिपळूणकरीण

असा एक मित्र प्रत्येक बॅचमध्ये असतो, त्याला चहा पाज. स्कॅनएफला आकडा हवा होता, समोर अक्षर आलं. त्याने ते उचललंच नाही, तसंच तिथे ठेवलं. पर्यायात जुनीच किंमत राहिली, लूप फिरला, पुन्हा तेच अक्षर समोर. स्कॅनएफ किती गोष्टी वाचल्या ते परत सांगतो. ती किंमत १ नसेल तर गेटकॅरने ओळ संपेपर्यंत अक्षरं काढून टाक आणि मग पुन्हा विचार. गेटकॅरला फाइल संपल्याची खूण मिळाली तर तिथेही थांबायचं.

टर्बोमामा

एवढं सगळं करण्यापेक्षा... असो. एक मात्र सांगतो, इफ-एल्सच्या माळेपेक्षा स्विच केव्हाही फास्ट. हे तरी मान्य?

अर्धविराम

अर्धंच मान्य, मामा. केसेस जवळजवळच्या आकड्यांच्या असतील, १ ते १५ सारख्या, तर कंपायलर पत्त्यांचा एक तक्ता करून थेट उडी मारू शकतो. १, ५००, ९०००० अशा विखुरलेल्या असतील तर तो आतून तुलनाच करतो. आणि आजचे कंपायलर पुष्कळदा इफच्या माळेतूनही तसंच मशीन कोड काढतात. भरतीच्या प्रोग्रामात तर माणूस आकडा दाबेपर्यंत प्रोसेसर रिकामाच बसलेला असतो. स्विच घ्यायचा तो वाचायला सोपा म्हणून.

टर्बो सीबद्दल एकच. त्यात इंट १६ बिटांचा, म्हणजे ३२७६७ च्या पुढे जात नाही. उद्या या पोराने लिलावाचा हिशेब जोडला आणि सुरमईचे ४०००० रुपये टाकले तर उत्तर उणे २५५३६ येईल. काका लिलावात तेवढं सोडतील का?

नाखवा

सुरमय घेवन वर पैसे द्यायचे? खंयचो तो कंपायलर, माका पत्तो दे.

बरं, एक राहिलं. ४८ चं गणित अमावास्येला १२ वाजता भरती धरून चालतं, ते मुंबईच्या बाजूला ठीक. दक्षिणेकडे भरती मुंबईच्या आधी येते. बंदराप्रमाणे फरक घालायला हवा, छापील भरतीच्या तक्त्यावरून.

चिपळूणकरीण

हा घे तुझा खरा स्विच, जेटीवरून. रत्नागिरी, देवगड, मालवण यांना सूत्राने बांधता येत नाही, प्रत्येकाची दुरुस्ती वेगळी. एनम, म्हणजे आकड्यांना दिलेल्या नावांची यादी कर, त्यात बंदरांची नावं दे आणि बंदरावर स्विच लाव. नुसते १, २, ३ लिहिण्यापेक्षा ‘केस देवगड:’ वाचायला कितीतरी बरं. एनमची नावं स्थिरांक असतात म्हणून केसमध्ये चालतात. ‘कॉन्स्ट इंट’ केलेलं व्हेरिएबल मात्र सीमध्ये केसपुढे चालत नाही. आणि बंदराचं नाव टाईप करून घेऊन थेट त्या नावावर स्विच लावायचा विचार असेल तर तोही नाही, स्विचला पूर्णांकच लागतो.

या स्विचला डिफॉल्ट देऊ नकोस. म्हणजे उद्या एनममध्ये वेंगुर्ले वाढवलंस आणि केस लिहायची राहिली तर ‘-डब्ल्यूऑल’ आठवण करून देईल. डिफॉल्ट असला की तो इशारा येत नाही. फक्त दुरुस्तीच्या व्हेरिएबलला आधी शून्य देऊन ठेव.

अर्धविराम

आणि दुरुस्ती वजा करताना सांभाळ. समज दुरुस्ती ६० मिनिटं आहे आणि प्रतिपदेची ४८ मिनिटं आली. ४८ वजा ६० म्हणजे उणे १२, आणि सीमध्ये उणे आकड्याची बाकी उणेच येते. आधी ७२० मिळव, मग बाकी घे: (४८ − ६० + ७२०) % ७२० म्हणजे ७०८, अर्थात ११.४८.

जेटीवरून

हो, ते केलं. आता फक्त एकच एरर. देवगडच्या केसखाली पहिल्याच ओळीत ‘इंट फरक = ०;’ लिहिलं तर कंपायलर म्हणतो, लेबलनंतर डिक्लरेशन चालत नाही.

अर्धविराम

सी२३ च्या आधी लेबलनंतर स्टेटमेंटच लागतं, आणि डिक्लरेशन हे स्टेटमेंट नाही. दोन उपाय. एक, ‘फरक’ स्विचच्या वर डिक्लेअर कर, इथे तेच योग्य, कारण तो सगळ्या केसेसना लागतो. दोन, त्या केसचा मजकूर महिरपी कंसात घाल. तिसरा उपाय तुझ्या मित्राला सुचेल, तो म्हणजे स्विचच्या कंसाच्या आत पण पहिल्या केसच्या वर ‘इंट फरक = ०;’ लिहायचं. ते कंपाइल होतं, पण उडी थेट केसवर पडते, त्यामुळे ते शून्य कधी घातलंच जात नाही आणि ‘फरक’मध्ये कचरा राहतो.

जेटीवरून

वर नेलं. एरर गेली. तक्त्यातल्या दुरुस्त्या उद्या बंदरावर जाऊन उतरवून आणतो. सबमिशन सोमवारी आहे.

नाखवा

सोमवारची तिथी आधी पंचांगात बघून ठेव. मास्तर तीच घालून बघतले.